अक्षरे सरकवून लिहिलेला गुप्त मजकूर : मराठीत कसा लिहावा आणि कसा फोडावा

जूलियस सीझर खासगी पत्रांत प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतील त्याच्या पुढचे तिसरे अक्षर लिहीत असे, अशी नोंद रोमन चरित्रकार स्विटोनियसने केली आहे. अक्षर किती घरे सरकवायचे तो आकडा म्हणजे या लेखनाची किल्ली. ती ठाऊक असलेला माणूस तितकीच घरे मागे येऊन मूळ मजकूर वाचतो. इंग्रजीच्या 26 अक्षरांत अशा 25 किल्ल्या निघतात, म्हणून किल्ली नसली तरी सगळ्या एकेक करून लावून पाहणे फारसे कष्टाचे नाही.

मराठीसाठी क पासून ळ पर्यंतची 34 व्यंजने क्रमाने लिहून त्यांना क्रमांक द्यावेत : क 1, च 6, ट 11, त 16, प 21, य 26, र 27, ल 28, व 29, श 30, ष 31, स 32, ह 33, ळ 34, वर्गांतील उरलेली व्यंजने नेहमीच्या क्रमाने मधल्या आकड्यांवर येतात. ळ नंतर पुन्हा क येतो. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे असल्याने ती क्+ष आणि ज्+ञ अशी सोडवून घ्यावीत. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि शब्दारंभीचे स्वर तूर्त जागच्या जागी ठेवावेत. किल्ली 3 असेल तर देवगडचे ‘पेसचत’ होते, कारण द (18) चा प (21), व चा स, ग चा च आणि ड चा त होतो. 5 ही किल्ली मात्र शक्यतो टाळावी, कारण तिने क चा च, च चा ट, ट चा त असे वर्गामागून वर्ग जसेच्या तसे सरकतात आणि सरावलेल्या डोळ्याला तो क्रम लवकर ओळखू येतो.

आता फोडण्याकडे वळू. समजा, हाती असा मजकूर आला :

चोनी उम्हा साकखफका हेफाळ आचे

33 किल्ल्या आंधळेपणाने लावत बसण्याची येथे गरज नाही, कारण न हललेले स्वर बरेच काही बोलून जातात. शेवटचा शब्द ‘आ’ने सुरू होतो आणि त्यापुढे मात्रा असलेले एकच अक्षर आहे, मराठी वाक्याच्या शेवटी अशा जागी ‘आहे’ किंवा ‘आले’ असण्याचा संभव मोठा. ‘आले’ धरले तर ल (28) चा च (6) झाला, म्हणजे किल्ली 12. पण तिने ‘चोनी’चे ‘लोजी’ होते, आणि असा शब्द मराठीत नाही. ‘आहे’ धरले तर ह (33) चा च झाला, म्हणजे किल्ली 7, आणि पहिला शब्द ‘होडी’ निघतो. इतके जुळले की उरलेले भराभर उलगडते : होडी उद्या मालवणला येणार आहे.

मजकूर कोकणपट्टीतला आहे एवढे जरी माहीत असले, तरी दुसरी वाट मोकळी होते. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरांची नावे समोर मांडावीत आणि त्यांतील अक्षरे झाकून फक्त काना-मात्रा पाहाव्यात. ‘साकखफका’ या शब्दात पहिल्या अक्षराला काना, पुढची तीन अक्षरे साधी आणि शेवटी पुन्हा काना आहे. शेवटचे अक्षर ‘ला’ प्रत्यय मानून बाजूला काढले, तर उरलेला सांगाडा या नावांपैकी एकट्या मालवणशी जुळतो. शिवाय त्या शब्दात दुसरे आणि पाचवे व्यंजन एकच, म्हणजे क, आहे. ‘मालवणला’ या शब्दातही त्याच दोन जागी ल येतो.

मजकूर लांब असेल तर मोजणी करावी. कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून गुप्तलेख फोडण्याची पद्धत नवव्या शतकात बगदादच्या अल् किंदीने लिहून ठेवली. मराठीत मला न येणारी अक्षरे अधिक उपयोगी वाटतात. ज्ञ सोडला तर ङ (5) आणि ञ (10) सहसा लिहिण्यात येतच नाहीत, म्हणून मोठ्या मजकुरात पाच घरांच्या अंतरावरची कोणती दोन अक्षरे जवळजवळ गायब आहेत ते शोधावे. ठ (12) आणि थ (17) दिसत नसतील, तर किल्ली 7 असल्याचा दाट संशय घ्यावा आणि एखाद्या शब्दावर ती लावून खात्री करावी.

स्वरही वेगळ्या किल्लीने सरकवले तर काना-मात्रांचा हा आधार नाहीसा होतो, तरीही अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे 10 स्वर धरून एकूण किल्ल्या 339 च भरतात आणि संगणकाला तेवढ्या क्षणात तपासता येतात. खरी अडचण वाढते ती प्रत्येक अक्षर वेगळ्या आकड्याने सरकवल्यावर. ‘दापोली’तील द, प, ल यांचे 18, 21, 28 हे आकडे पाळीपाळीने वापरले, तर एकाच व्यंजनाची वेगवेगळी रूपे होतात आणि साधी मोजणी निरुपयोगी ठरते. मात्र किल्ली तीनच आकड्यांची असल्याने लांब मजकुरात अक्षरांचे तेच गट पुन्हा पुन्हा उमटतात. त्या गटांमधील अंतरे मोजून किल्लीची लांबी काढण्याची रीत फ्रीडरिश कासिस्कीने 1863 मध्ये प्रसिद्ध केली. लांबी 3 निघाली की मजकूर तीन ओळींत वाटून घ्यावा आणि प्रत्येक ओळीतील न येणारी अक्षरे वर सांगितल्याप्रमाणे स्वतंत्रपणे शोधावीत.