सशाचं पिल्लू टेबलावर बिथरतं?

सशांच्या प्रदर्शनात परीक्षक ससा टेबलावर ठेवूनच पाहतात. टेबल गुळगुळीत असलं की पाय घसरतात आणि पिल्लू घाबरतं. आमच्या इंदूरच्या घरी हे जुन्या गोणपाटाच्या तुकड्याने सुटलं.

पिल्लू ८ आठवड्यांचं झालं की रोज २-३ मिनिटं गोणपाटावर बसवा. पुढचे पंजे डोळ्यांखाली, मागचे मांड्यांखाली घ्या, मग अलगद हात काढा. अशा बैठकीतच पाठीची गोलाई खरी कळते, पसरून बसलेल्या सशाची नाही. ओठ सरकवून दातही बघा. वरचे दात खालच्यांच्या पुढे हवेत. नसतील तर पिल्लू कितीही देखणं असो, प्रदर्शनासाठी निवडू नका.

मे महिन्यात हे पहाटेच करा, सशाला उकाडा सोसत नाही.

उचलताना मागच्या बाजूला हाताचा आधार हवाच. कान धरून कधीच उचलू नका; सशाने जोरात लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो.