शिन छे-हो यांच्यावर लेख लिहिताना

कोरियन इतिहासकार आणि क्रांतिकारक शिन छे-हो यांच्यावर लिहायला घेतलं की पहिली अडचण नावाची. ‘शिन’ हे आडनाव, ते आधी येतं. रोमन लिपीत ते कुठे ‘शिन’ असतं, कुठे ‘सिन’. शोधताना दोन्ही घाला, आणि ‘दानजे’ हे टोपणनावही.

जन्मतारीख बऱ्याच ठिकाणी ७ नोव्हेंबर दिसते. ती चांद्र पंचांगातल्या अकराव्या महिन्याची तिथी आहे; तारीख ८ डिसेंबर १८८०. तिथी-तारखेचा घोळ आपल्याला नवा नाही, तेव्हा एकच धरा आणि कोणती ते सांगा.

लेखाची निम्मी जागा १९२३ आणि त्यापुढच्या आयुष्याला ठेवा. नेहमी होतं काय, की वृत्तपत्रांतून लिहिणाऱ्या तरुण राष्ट्रवाद्यावर पानं भरतात आणि अराजकवादी शिन शेवटच्या दोन ओळींत उरकले जातात. हा त्यांच्यावर अन्याय आहे. मराठीत ‘अराजक’ म्हणजे गोंधळ, म्हणून सुरुवातीलाच खुलासा करा: इथे अर्थ आहे माणसावर माणसाची सत्ता नको.

मध्यभागी असावा जानेवारी १९२३चा ‘कोरियन क्रांतीचा जाहीरनामा’. तो किम वॉन-बोंग यांच्या उइयॉल्दान या सशस्त्र गटासाठी लिहिला होता. काय मोडायचं, याची त्यात पाच नावं आहेत: परकी सत्ता (म्हणजे तेव्हा कोरियावर असलेली जपानची), विशेषाधिकारी वर्ग, आर्थिक लुटीची व्यवस्था, सामाजिक विषमता, गुलामी विचार-संस्कृती. पाचही द्या. पहिल्यावर थांबलात तर ते नुसते जपानविरोधी वाटतात. त्यांचा अराजकवाद उरलेल्या चारांत आहे.

१९२८ साली तैवानच्या कीलुंग बंदरात त्यांना अटक झाली, ती चळवळीच्या पैशासाठी बनावट हुंड्या वटवण्याच्या प्रकरणात. हे झाकू नका. शिक्षा १० वर्षांची. २१ फेब्रुवारी १९३६ रोजी ईशान्य चीनमधल्या ल्युशुनच्या तुरुंगात मृत्यू. त्यांचा प्राचीन कोरियाचा इतिहास १९३१ मध्ये ‘छोसन इल्बो’ या कोरियन वृत्तपत्रात क्रमशः आला, तेव्हा ते कोठडीत होते. म्हणून छपाईचं साल लेखनाचं म्हणून देऊ नका.

‘इतिहास विसरणाऱ्या राष्ट्राला भविष्य नसतं’ हे वाक्य त्यांच्या नावावर सर्रास फिरतं, पण त्यांच्या लेखनात ते सापडत नाही. गाळा. ‘मी’ आणि ‘मी-नव्हे’ यांचा संघर्ष म्हणजे इतिहास, ही मांडणी मात्र त्यांचीच.

वारशाबद्दल लिहाल तेव्हा एक गोष्ट सोडू नका. जपानी राजवटीची कुटुंबनोंदणी त्यांनी नाकारली, त्यामुळे स्वतंत्र कोरियाच्या दप्तरातही त्यांचं नाव नव्हतं. ते २००९ मध्ये चढलं.