घरकामाला बाई ठेवायची की नाही? बेताच्या बजेटात या चुका टाळा

घरकामाला बाई ठेवावी का, हा प्रश्न गोव्यातली बरीच घरं मे महिन्यात पुढे ढकलतात. मग पाऊस लागतो. चपलांबरोबर तांबडी माती घरात येते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते आणि एखाद्या दमलेल्या संध्याकाळी घाईघाईत कुणाला तरी 'उद्यापासून या' म्हटलं जातं. चवथीचा खर्च निघाला की तितक्याच घाईने 'आता नको' असंही सांगितलं जातं. यात जास्त नुकसान त्या बाईंचं होतं, कारण तुमच्या वेळेसाठी त्यांनी दुसऱ्या घराला नाही म्हटलेलं असतं. म्हणून आधी कागद-पेन घेऊन बसा.

पगार म्हणजेच सगळा खर्च, असं धरू नका

समजा महिना 2,500 रुपये ठरले. वर्षाचे झाले 30,000. चवथीला किंवा दिवाळीला एक पगार जादा दिला की 32,500. फिनेल, साबण, झाडू, पोछा यांचे महिन्याला 200 धरले तर आणखी 2,400. एकूण 34,900, म्हणजे महिन्याला साधारण 2,900 रुपये. हे आकडे उदाहरणापुरते आहेत; तुमच्या वाड्यावरचा खरा दर शेजारीपाजारी विचारा. फोंड्यातल्या घराचा आणि पर्वरीतल्या फ्लॅटचा दर एकच असेल असं नाही.

हे 2,900 झेपत नसतील तर काम कमी द्या. सणाचा पगार बुडवून किंवा आजारपणाच्या रजेचे पैसे कापून हिशेब जुळवू नका. रजा कापल्यावरच जुळणारा हिशेब म्हणजे ते काम तुम्हाला परवडत नाही, इतकं स्पष्ट मानावं.

घरातल्या माणसाचे तास फुकटचे समजू नका

बहुतेक घरांत ही दुसरी बाजू मांडलीच जात नाही. फोंड्याहून पणजीला नोकरीला जाणारी सून सकाळी कदंबची बस गाठते, दिवेलागणीनंतर घरी येते आणि पदर खोचून भांड्यांपाशी उभी राहते. 'बाई कशाला, घरात माणसं आहेत की' हे वाक्य बहुधा झाडू हातात न घेणाऱ्यांकडूनच येतं. मला ते ऐकून खरोखर वाईट वाटतं, कारण पैसे वाचले असं जे म्हणतात, ते त्या सुनेच्या झोपेतून वाचलेले असतात.

यावर उपाय सोपा आहे. एक आठवडा फ्रिजवर कागद चिकटवा. केर कोणी काढला, लादी कोणी पुसली, संडास कोणी घासला, किती मिनिटं लागली, हे ज्याने त्याने लिहावं. काही घरांत त्या कागदाकडे बघूनच कामं वाटून घेतली जातात आणि बाईची गरज उरत नाही. कर्जाचे हप्ते चालू असतील, आजारपणासाठी बाजूला काही ठेवलेलं नसेल, तर हाच मार्ग धरावा. पण वाटणी करूनही एकाच माणसावर रोज तास-दीड तास पडत असेल, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल किंवा तान्हं मूल असेल, तर हिशेब बदलतो. रोज एक तास, महिन्याचे 26 दिवस धरले तर वरच्या 2,900 रुपयांत एक तास सुमारे 112 रुपयांना पडतो. त्या तासात शिवणकाम होईल, शिकवणी होईल. नुसती विश्रांती मिळाली तरी ते कारण पुरेसं आहे.

आणखी एक गोष्ट. 'गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिना 1,500 येतात, त्यातून बाईचा पगार भागेल' असं परस्पर ठरवू नका. ते पैसे गृहिणीचे आहेत. घर सगळ्यांचं असताना सफाईचा खर्च तिच्या एकटीच्या खात्यावर का पडावा?

सगळं काम द्यायचं, नाहीतर काहीच नाही, हा हट्ट नको

भांडी, केर-लादी, कपडे, संडास-बाथरूम यांचे पैसे बऱ्याच ठिकाणी वेगवेगळे ठरतात. सगळ्यात नकोसं वाटणारं एकच काम द्या, किंवा लादी आठवड्यातून दोनदाच पुसून घ्या. काहींना चवथीआधीची एकदाच साफसफाई पुरते: जळमटं, पंखे, माळा, खिडक्यांची ग्रिल. त्यासाठी माणूस महिनाभर आधी ठरवा, ऐनवेळी कुणी मिळत नाही.

स्वस्त पडते म्हणून लहान मुलगी ठेवू नका

14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. 'आईबरोबर येते, थोडी मदत करते' हेही चालवून घेऊ नका.

बसलेली घडी बिघडते तेव्हा

काम वरवर होऊ लागलं, तर आधी ठरलेलं काम वाढलंय का ते पाहा. एका खोलीची लादी म्हणून सुरुवात झाली आणि आता बाल्कनी, जिना, पाहुण्यांची भांडी असं होत गेलं असेल, तर पैसे वाढवा किंवा काम पूर्वीइतकं करा.

खाडे फार होत असतील तर वर्षाचा अंदाज एकत्र बसून घ्या. कर्नाटकातून आलेल्या बायका मुलांच्या सुट्टीत किंवा गावच्या जत्रेला जातात, इथल्या बायकांना चवथीला स्वतःचं घर असतं. ते दिवस आधी माहीत असले की चिडचिड होत नाही.

बुरशी आणि डाग जात नाहीत म्हणून ब्लीच आणि ॲसिड एकत्र वापरायला कधीही सांगू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे तुम्ही आणून द्या.

पैसे खरोखरच कमी पडले तर एक महिना आधी सांगा, आणि ओळखीतलं दुसरं घर शोधून द्यायला मदत करा. उलट थोडे पैसे उरत असतील, तर बाईंना प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेची माहिती द्या. 18 ते 40 वयाच्या, महिना 15,000 पर्यंत कमावणाऱ्या असंघटित कामगारांसाठी ती आहे. वयानुसार महिना 55 ते 200 रुपये भरायचे, तितकेच केंद्र सरकार भरतं, आणि साठीनंतर महिना किमान 3,000 रुपये पेन्शन मिळते. हा हप्ता तुम्ही भरलात तर वरच्या हिशेबात फार फरक पडत नाही.