सत्तरचं टेनिस बघायचंय? आधी ऐका

सत्तरच्या दशकात आम्ही इंदूरवाल्यांनी विम्बल्डन पाहिलं नाही, ऐकलं. गावात टीव्हीच नव्हता. तिकडे दुपारचे दोन वाजले की इकडे साडेसहाला, रामबागेतल्या घरी, आप्पा शॉर्टवेव्हवर बीबीसी लावायचे. खरखर वाढली की कोणीतरी गच्चीवर जाऊन एरियलची तार हलवायची. म्हणून सांगतो, यूट्यूबवर जुनी मॅच लावलीत की पहिले दोन गेम फोन पालथा ठेवून नुसते ऐका. टाळ्या कधी पडतात, कधी थांबतात, यावरून पॉइंट कळायला लागतो.

सुरुवात 1975 च्या फायनलने करा, आर्थर अ‍ॅश विरुद्ध जिमी कॉनर्स. निकाल माहीत असला तरी बिघडत नाही: 6-1, 6-1, 5-7, 6-4, अ‍ॅश. चेंडूच्या मागे लागू नका. तेव्हा तो पांढरा होता, जुन्या चित्रणात हरवतो. अ‍ॅशचा हात बघा. समोरून जोरात आलेला चेंडू त्याच जोराने परत मारणं हा कॉनर्सचा खेळ. अ‍ॅशने जोरच दिला नाही! फोरहँडला बुटके, ढिले चेंडू, पुढे आला की डोक्यावरून लॉब, आणि सर्व्हिस अशी बाहेर वळवायची की कॉनर्स कोर्ट सोडून धावतोय. बाजू बदलताना व्हिडिओ पुढे ढकलू नका. अ‍ॅश डोळे मिटून बसलेला दिसेल. खेळाडूंना खुर्च्या त्याच वर्षी मिळाल्या होत्या.

स्कोअर विचित्र वाटेल. 1971 ते 1978 विम्बल्डनचा टायब्रेक (बरोबरीत अडकलेला सेट निकाली काढणारा गेम) 8-8 ला व्हायचा. 1976 च्या फायनलमध्ये स्वीडनच्या ब्यॉन बोर्गने रुमानियाच्या नास्तासेविरुद्ध शेवटचा सेट 9-7 ने घेतला तो म्हणूनच.

जमलं तर लाकडी रॅकेट हातात धरून बघा. आप्पांची अजून आमच्याकडे आहे, प्रेसमध्ये, म्हणजे स्क्रूच्या लाकडी चौकटीत, कसलेली. नाहीतर पावसाळ्यात वाकते. तोंड आजच्या रॅकेटच्या जेमतेम दोन-तृतीयांश. एवढ्याशा जाळीतून बोर्ग तसा टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढे गरगरवणारी फिरकी, काढायचा! (कॉनर्सची मात्र स्टीलची.) त्याच बोर्गला 1974 च्या यूएस ओपनमध्ये आपल्या विजय अमृतराजने हरवलं, तेव्हा आप्पांनी सराफ्यातून जलेबी आणली होती.

पुढे 1977 ची बोर्ग–गेरुलायटिस सेमीफायनल घ्या, पाच सेट, शेवटचा 8-6. बोर्ग–मॅकेन्रोची 1980 ची फायनल मात्र सगळ्यात शेवटी. तो 18-16 चा टायब्रेक आधीच पाहिलात तर बाकीचं सगळं अळणी लागेल.