गावातला प्रश्न विधानभवनात कसा न्यायचा

"(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

विधानसभेत आम्ही पाठवलेल्या पहिल्या आरोग्याच्या प्रश्नाला आलेलं हे पूर्ण उत्तर. मी तेव्हा आमदारांची स्वीय सहायक म्हणून नवीनच लागले होते. तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून रात्री बाळंतिणीला पुढे न्यायला गाडी मिळत नव्हती. लोक जीप शोधत फिरायचे, एकदा तर ट्रॅक्टर काढावा लागला. मी प्रश्नात लिहिलं : "रुग्णवाहिका उपलब्ध नाही, हे खरे आहे काय". रुग्णवाहिका होती. केंद्राच्या मागे, शेडखाली, दोन चाकांत हवा नसलेली. नव्हता तो चालक. खात्याने माझा शब्द धरला आणि चार ओळींत विषय मिटवला.

पुढे दोन आमदारांकडे मिळून एकोणीस वर्षं मी हेच काम केलं. आता गावी आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, आशाताई, सरपंच मला विचारत येतात की आपला प्रश्न आमदारांकडून सभागृहात कसा विचारून घ्यायचा. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी कागद. आमदारांकडे तोंडी तक्रार घेऊन गेलात तर ते ऐकतील, टीएचओंना (तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना) फोन लावतील, तुम्ही चहा पिऊन परत याल. प्रश्न हवा असेल तर हातात तारीख असलेला कागद लागतो. ग्रामसभेचा ठराव क्रमांकासह, शाळेचा असेल तर व्यवस्थापन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिलेल्या अर्जाची पोच. आणि माहिती अधिकारातून मिळालेली प्रत. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत ३० दिवसांची. अर्जात "का" विचारू नका. "चालक का नाही" याला कुणी बांधील नाही. "रुग्णवाहिकेच्या लॉगबुकच्या अमुक ते अमुक महिन्यांच्या पानांच्या छायाप्रती द्याव्यात" असं लिहा. आम्हाला ती पानं मिळाली तेव्हा शेवटची नोंद सात महिन्यांपूर्वीची होती. किलोमीटरचा आकडा, डिझेलचे लिटर, चालकाची सही. त्याखालच्या ओळी सगळ्या कोऱ्या. त्या कोऱ्या ओळींनी जे काम केलं ते माझ्या चार पानी निवेदनाने केलं नसतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आतली माहिती अनेकदा तिथल्या सिस्टर किंवा शिक्षकच देतात. त्यांनी मोबाइलवर पाठवलेला फोटो जसाच्या तसा पुढे करू नका. तो कुठून निघाला हे खात्यात दोन दिवसांत कळतं, आणि बदली त्यांची होते. त्यांच्याकडून फक्त एवढं समजून घ्या की कोणती नोंदवही मागायची. वही माहिती अधिकारातून मागवा. रुग्णाचं नावही कुठे येऊ देऊ नका. तारीख, गाव आणि काय घडलं एवढं पुरतं.

अर्ज कधी टाकायचा? विधिमंडळाची वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात : फेब्रुवारी-मार्चला मुंबईत अर्थसंकल्पी, जून-जुलैला पावसाळी, डिसेंबरात नागपूरला हिवाळी. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्याव्या लागतात. त्याआधीचे माहिती अधिकाराचे ३० दिवस, आणि उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाचा वेळ, असा मागे हिशोब करा. नागपूरसाठी अर्ज गणपतीच्या आसपास पडलेला हवा, अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी दसरा-दिवाळीत, पावसाळी अधिवेशनासाठी होळीच्या सुमारास. अधिवेशन सुरू झाल्यावर कागद घेऊन मुंबईला आलेली माणसं मी फार पाहिली. एसटीने रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला "आता तारांकित होणार नाही" सांगताना जीव तुटायचा. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असा प्रश्न.

आता खातं. इथे निम्मे प्रश्न वाया जातात. दवाखाना म्हणजे आरोग्यमंत्री, असं सरळ गणित नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते आणि उत्तर सार्वजनिक आरोग्य विभाग देतो. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा सामान्य रुग्णालय याच विभागाकडे, पण तिथे विचारायचं जिल्हा शल्यचिकित्सकांना. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. महापालिकेचा दवाखाना असेल तर नगरविकास. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, ते रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, ते रुग्णालय वैद्यकीय शिक्षणाचं. बाहेरून दोन्हीकडे तोच केसपेपर आणि तीच रांग, पण जाब द्यायला उभे राहणारे मंत्री वेगळे. शाळांचंही तसंच. जिल्हा परिषदेची शाळा शालेय शिक्षणाकडे, आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकासकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे. चुकीच्या खात्याला विचारलेला प्रश्न तिकडून इकडे वर्ग होतो, आणि तोवर अधिवेशन संपलेलं असतं.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नोत्तरांच्या याद्या आहेत; दहा-वीस वाचल्यात तर हात बसेल. आमचा रुग्णवाहिकेचा दुसरा प्रश्न असा गेला :

"(१) अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रातील रुग्णवाहिकेच्या चालकाचे पद अमुक दिनांकापासून रिक्त असून, लॉगबुकमधील नोंदीनुसार सदर वाहन त्या दिनांकापासून वापरात नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, या कालावधीत किती रुग्णांना पुढील उपचारासाठी संदर्भित करण्यात आले व त्यांच्यासाठी कोणती वाहनव्यवस्था करण्यात आली, (३) असल्यास, सदर पद भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

पहिलं कलम नीट बघा. सगळा प्रश्न त्याच्यावर उभा असतो. त्याला "हे खरे नाही" म्हणता आलं की खालची सगळी कलमं आपोआप "उद्भवत नाही" होतात. म्हणून त्यात फक्त तेच लिहायचं ज्याचा कागद आपल्याकडे आहे. "अत्यंत दयनीय अवस्था", "अक्षम्य दुर्लक्ष" असले शब्द मी सुरुवातीला फार घालायची. त्यांनी प्रश्नाला धार येत नाही, उलट खात्याला नाकारायला जागा मिळते, आणि नियमात न बसल्याने सूचना नाकारलीही जाऊ शकते. कोर्टात चालू असलेला विषयही येत नाही, ते आधीच बघून घ्या. कागद असलेल्या गोष्टीला त्याच कलमात कागद नसलेली गोष्ट जोडू नका. एक चुकली की दोन्ही बुडतात. "अनेक शाळा" लिहू नका, शाळेचं नाव लिहा, पटावरची मुलं किती ते लिहा.

दुसरं कलम आकडा मागणारं ठेवा. आकडा द्यायचा म्हटलं की तो जिल्ह्यावरून, तालुक्यावरून मागवावा लागतो, आणि त्या एका मागणीने धूळ खात पडलेली फाइल उघडते. बऱ्याचदा काम तिथेच होतं. "विधानसभा तारांकित, अतितातडीचे" असा शेरा मारलेलं पत्र तालुक्याला पोचलं की आठ दिवसांत पद भरल्याचं मी पाहिलं आहे, प्रश्न सभागृहात यायच्याही आधी.

शिक्षकांच्या जागांबाबत विचारायचं असेल तर मापदंड हातात ठेवा. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक. पण पदं प्रत्यक्षात संचमान्यतेने, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं मंजूर करण्याच्या प्रक्रियेने ठरतात, आणि तिचे निकष शासन निर्णयांनी बदलत आले आहेत. २८ ऑगस्ट २०१५ चा आणि १५ मार्च २०२४ चा, हे दोन तरी काढून वाचा. प्रश्नात विचारा की कोणत्या निर्णयानुसार किती पदं मंजूर, किती भरलेली. आरोग्याचा मापदंड लोकसंख्येचा : सपाट भागात तीस हजारांना, आदिवासी-डोंगराळ भागात वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र.

वर्गखोल्यांच्या बाबतीत एक शब्द लक्षात ठेवा : निर्लेखन, म्हणजे खोली वापरातून आणि नोंदीतून काढून टाकणं. धोकादायक खोली पाडायची तर आधी निर्लेखनाची मंजुरी लागते. आमच्या एका शाळेत ती मंजुरी झटकन मिळाली, खोल्या पाडल्या, आणि नव्या खोल्यांचा पत्ता नाही. दोन पावसाळे तिसरी-चौथीची मुलं मारुतीच्या देवळात बसली. फळा ओट्यावर टेकवलेला, आरतीची वेळ झाली की वर्ग सुटायचा. आम्ही विचारलं, निर्लेखनाची तारीख कोणती, नव्या खोल्यांच्या प्रशासकीय मान्यतेची तारीख कोणती. दुसऱ्या तारखेच्या जागी उत्तरात काहीच लिहिता आलं नाही, आणि तिथे आमदार बोलू शकले.

पैशाचा प्रश्न विचारायला लोक बिचकतात. बिचकू नका. अर्थसंकल्पात प्रत्येक विषयाच्या खर्चाला एक क्रमांक असतो, त्याला प्रधान शीर्ष म्हणतात. सर्वसाधारण शिक्षणाचं प्रधान शीर्ष २२०२, वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याचं २२१०, आणि आरोग्याच्या इमारतींसारख्या भांडवली कामांचं ४२१०. शासनाच्या बीम्स प्रणालीवर तरतूद किती, वितरित किती, खर्च किती हे ऑनलाइन दिसतं. हे तीन आकडे वेगळे असतात, आणि सगळी गोष्ट त्यांच्या मधल्या फरकात असते. "निधी दिला का" विचारलंत तर "तरतूद करण्यात आली आहे" असं उत्तर येतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं पैसे पोचले. म्हणून तिन्ही आकडे मागा, आणि चौथा : ३१ मार्चला किती निधी समर्पित झाला, म्हणजे न वापरता परत गेला. औषधांसाठी आलेले पैसे मार्चअखेर परत गेले असतील आणि त्याच वर्षी लोक बाहेरून गोळ्या विकत घेत असतील, तर हे दोन कागद शेजारी ठेवले की बोलायला फार काही उरत नाही.

कुणाकडे जायचं? आधी आपल्याच आमदारांकडे. ते मंत्री असतील तर प्रश्न विचारू शकत नाहीत. मग शेजारच्या मतदारसंघात जा. विधान परिषद विसरू नका. तिथल्या ७८ सदस्यांत सात शिक्षक मतदारसंघाचे आणि सात पदवीधरांचे आहेत, शाळांचे प्रश्न तिथे नीट चर्चेला येतात. पक्ष बघत बसू नका. एकाच प्रश्नावर दोन्ही बाजूंच्या सदस्यांची नावं असलेली मी कितीतरी पानं टाइप केली आहेत. आणि भेटाल तेव्हा स्वीय सहायकाशी नीट बोला, मसुदा तोच करतो. एका पानात विषय, खातं, पहिलं कलम आणि मागे कागदांच्या प्रती. त्याहून जास्त कुणी वाचत नाही.

प्रश्नोत्तराचा तास एकच, यादी मोठी, त्यामुळे तोंडी चर्चेला मोजकेच प्रश्न येतात. आपला आला नाही तरी लेखी उत्तर मिळतं आणि ते छापलेलं असतं. तातडीचं असेल तर नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणं; उत्तर अपुरं वाटलं तर त्याच उत्तरावर अर्धा तास चर्चा मागता येते.

प्रश्न चर्चेला आलाच तर उपप्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांच्या उत्तरावर आमदार उभ्याने विचारतात त्या पुढच्या प्रश्नाची तयारी हवी. नागपूरला आमदार निवासात पहाटे हीटर लावून मी पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर तीन ओळी लिहायची. पहिली : खात्याच्याच उत्तरातला आकडा. दुसरी : आपल्या कागदातला आकडा. तिसरी : "किती दिवसांत?" ही तिसरी ओळ कधीही गाळू नका. मंत्री "तपासून घेऊ" म्हणाले, "सकारात्मक विचार करू" म्हणाले, तर हातात काही पडलेलं नसतं. "दोन महिन्यांत चालक देऊ" म्हणाले तर ते कार्यवृत्तात जातं, आणि पाळलं नाही तर विषय आश्वासन समितीपुढे, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का हे बघणाऱ्या समितीपुढे नेता येतो. कामकाजाचं प्रक्षेपण बघताना तारीख, वेळ आणि नेमकं वाक्य वहीत उतरवून घ्या.

आमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं : "(१) हे अंशतः खरे आहे." अडीच महिन्यांनी कंत्राटी चालक रुजू झाला. त्याला चार महिने मानधन मिळालं नाही हे कळल्यावर पुढच्या अधिवेशनात तिसरा प्रश्न गेला, त्यात पहिलं कलम त्याच्या नियुक्तिपत्राच्या तारखेने सुरू केलं होतं.