नंबर नको, कप विचारा: भरलेल्या अंगाला नीट बसणारी ब्रा कशी निवडावी

सोलापूरच्या नवी पेठेतल्या कुठल्याही दुकानात काउंटरपाशी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "वैनी, नंबर किती?" बाई इकडेतिकडे बघून हळूच सांगते, "चव्वेचाळीस." मागच्या फळीवरून खोकं येतं, पिशवीत जातं, पैसे देऊन बाई बाहेर. कप कुठला हे दुकानदाराने विचारलेलं नसतं आणि तिनेही सांगितलेलं नसतं. घरी घालून बघितली तर पुढून बरी बसते. दुपार होईतो मागचा पट्टा पाठीवर वर सरकलेला असतो, स्ट्रॅप खांद्यात रुतलेले असतात आणि संध्याकाळी ब्रा काढली की खांद्यावर लाल वळ. मग बाई म्हणते, "माझं अंगच असलंय, काय करायचं?"

अंगाचा यात काही दोष नाही. चुकतोय तो नंबर, आणि तो चुकतो कसा हे समजलं की पुढचं बरंच काम सोपं होतं.

हा ४४ बहुतेक वेळा ब्लाउजच्या मापातून आलेला असतो. शिंपी टेप फिरवतो ती छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून. ते भरलं ४३, ब्राचे नंबर असतात सम, म्हणून बाई मागते ४४. पण ब्रावरचा आकडा छातीचा नसतोच, तो छातीखालच्या घेराचा असतो. छातीचा भरलेपणा सांगायचं काम पुढच्या अक्षराचं: ए, बी, सी, डी, डीडी. ज्या दुकानात बी कपच भरून ठेवलेला असतो, तिथे भरलेल्या छातीच्या बाईला आकडा वाढवत नेण्यावाचून गत्यंतर नसतं.

आता गंमत बघा. पट्टा एका नंबराने वाढला आणि अक्षर एकाने खाली आलं, तर कपात मावणारा ऐवज साधारण तेवढाच राहतो. म्हणजे ३८ डीडी, ४० डी, ४२ सी आणि ४४ बी या चौघींचे कप जवळजवळ सारखे. म्हणूनच ४४ बी पुढून "बसते". फक्त जिला ३८चा पट्टा हवा तिच्या अंगावर तो सहा इंच मोठा पडतो. वजनाचा बराचसा भार पेलायचा असतो पट्ट्याने. तो ढिला पडला की सगळा भार खांद्यांवर येतो, आणि स्ट्रॅप कितीही आवळले तरी ते पट्ट्याला आणखी वर ओढतात, एवढंच.

माप घरीच घ्या

शिवणकामाची साधी टेप पुरे. आरशासमोर उभं राहून, पॅडिंग नसलेली पातळ ब्रा घालून माप घ्या.

पहिलं माप छातीच्या लगेच खाली, जिथे पट्टा बसतो तिथे. टेप पाठीवरही जमिनीला समांतर राहिली पाहिजे. एकटीला जमत नसेल तर बहिणीला किंवा जावेला मागून धरायला सांगा. श्वास सोडा आणि टेप अंगाला घट्ट लावा. बरगड्यांवर मांस मऊ असेल तर थोडी दाबूनच घ्या, कारण पट्टासुद्धा तसाच दाबून बसणार आहे. आकडा लिहून ठेवा.

मग हेच माप खाली बसून घ्या. हे सहसा कुणी सांगत नाही, पण सोलापुरात ते फार कामाचं आहे. विडी वळणाऱ्या, युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या, शाळेत नाहीतर ऑफिसात खुर्चीवर असणाऱ्या बायकांचा दिवस बसूनच जातो. बसलं की पोटाची वळी वर येते आणि घेर वाढतो. उभं राहून ३८ आणि बसून ४० भरत असेल, तर दोन्ही पट्टे घालून बघायचे आणि ज्यात बसून जेवता येईल तो ठेवायचा.

दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप न आवळता. छाती जड आणि ओघळलेली असेल तर कमरेतून पुढे वाकून तेच माप पुन्हा घ्या. उभ्याने आणि वाकून आलेल्या दोन आकड्यांची सरासरी खऱ्याच्या जास्त जवळ जाते.

दुसऱ्यातून पहिलं वजा करा. फरक १ इंच असेल तर ए, २ असेल तर बी, ३ सी, ४ डी, ५ डीडी. खाली ३८, वर ४३, म्हणजे ३८ डीडी. याच्या पुढे मात्र कंपन्यांची एकवाक्यता नाही. सहा इंचाला कुणी ई म्हणतं, कुणी एफ, कुणी डीडीडी. तिथे अक्षर सोडून द्या आणि त्या कंपनीच्या तक्त्यात स्वतःचे दोन इंची आकडे शोधा. टॅगवर ३८च्या शेजारी ८५ दिसलं तर गडबडू नका, ते त्याच मापाचं युरोपातलं नाव आहे.

छातीखालचं माप विषम आलं, समजा ३७, तर ३६ आणि ३८ दोन्ही बघायचे. आणि छातीखालच्या आकड्यात चार-पाच इंच मिळवून नंबर सांगायची जुनी पद्धत अजून काही दुकानांत चालते. भरलेल्या अंगाला ती हमखास गोत्यात आणते. नकोच.

दुकानात काय मागायचं

नंबर आणि कप एका दमात सांगा: "अडतीस डीडी दाखवा, पॅड नको, पूर्ण कप." नुसतं "चाळीस चालून जातंय बघा की ओ वैनी" असं उत्तर आलं, तर विचारा, चाळीस कुठल्या कपात? ४० डी असेल तर घालून बघायला हरकत नाही. ४० बी असेल तर खोकं उघडायलाही लावू नका.

भरलेल्या छातीला एकसंध साच्यातल्या गुळगुळीत कपापेक्षा दोन-तीन तुकडे जोडून शिवलेला कप जास्त उचल देतो. शिवण ब्लाउजातून दिसते म्हणून पुष्कळ जणी तो नाकारतात. माझं मत विचाराल तर रोजच्या वापराला शिवलेलाच घ्यावा आणि गुळगुळीत एखादा लग्नाकार्याला ठेवावा. पट्टा रुंद हवा, मागे हुकांच्या तीन-चार ओळी एकाखाली एक असाव्यात. अरुंद पट्ट्याची बसल्यावर दोरी होते. काखेजवळ कापडाची उंच पट्टी असेल तर बाजूचं मांस आत राहतं. स्ट्रॅप निदान पाऊण इंच रुंद हवेत, आणि ते खांद्यावरून घसरत असतील तर पाठीवर यू आकारात एकमेकांजवळ येणारे बघा. छाती लहान दाखवणारी मिनिमायझर ब्रा मांस आजूबाजूला पसरवते, त्यामुळे ज्यांना आधीच काखेत काचतं त्यांना ती मानवत नाही.

वायरची हवी की बिनवायरची, हा आवडीचा प्रश्न. वायरने कर्करोग होतो ही नुसती अफवा आहे. बाकी वायर बोचत असेल तर बहुधा कप लहान आहे.

एखादीचा खांदा आखडलेला असतो, हात मागे जात नाही. घरात सासूबाई किंवा आई अशी असेल तर तिच्यासाठी पुढून हूक असलेली मागा. केवळ हूक लावता येत नाही म्हणून ब्रा सोडून दिलेल्या बायका कमी नाहीत.

पेठेतल्या छोट्या दुकानांत ट्रायल रूम असेलच असं नाही, आणि काउंटरवर पुरुष असला की बोलायला संकोच होतो. दुकानात बाई असेल तर सरळ तिला बोलवा. जायचं तर कामाच्या दिवशी दुपारी. दिवाळीत आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पेठेत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा कुणीही तुम्हाला दहा खोकी काढून दाखवणार नाही. आतल्या कपड्यांना बदल न देणारे दुकानदार पुष्कळ, म्हणून पैसे द्यायच्या आधी विचारा, "टॅग न काढता उद्या आणली तर बदलून द्याल का?" डीडीच्या पुढचं माप गावात मिळालंच नाही तर ऑनलाइन मागवा. तिथेही परतीचे नियम आधी वाचा, आणि पहिल्या खेपेला एकच.

घालून बघताना

नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर बसली पाहिजे. इलॅस्टिक वापराने सैलावतं, तेव्हा आतले हूक कामाला येतात. नवी असतानाच सगळ्यात आतल्या हुकावर लावावी लागली तर पट्टा मोठा आहे.

हूक लावल्यावर पुढे वाका. उजवा हात डाव्या कपात घालून काखेकडचं मांस पुढे घ्या, मग डावा हात उजव्या कपात. सरळ व्हा आणि आता स्ट्रॅप जुळवा. एवढं केल्यावर बऱ्याच जणींच्या लक्षात येतं की ज्याला त्या काखेची चरबी म्हणत होत्या तो छातीचाच भाग होता, कप लहान म्हणून बाहेर पडलेला. अशा वेळी एक अक्षर वर जावं लागतं.

मग आरशात बघा. पट्टा पुढून-मागून एका रेषेत आहे का? त्याखाली दोन बोटं जातात आणि मूठ जात नाही, असा घट्टपणा बरोबर. कपाच्या काठावरून मांस उसळून दोन-दोन फुगवटे दिसत असतील तर मोठा कप घ्या. कपाला सुरकुत्या पडत असतील तर आधी स्ट्रॅप आवळून बघा, नाही गेल्या तर लहान घ्या. एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी असणं अगदी सर्रास आढळतं. माप मोठ्या बाजूला जुळवायचं आणि दुसरीकडचा स्ट्रॅप जरा आवळायचा.

शेवटी हात वर करा, खाली वाका, बसा. हात वर केल्यावर छाती पट्ट्याखालून निसटली तर ती ब्रा परत खोक्यात.

ऊन आणि घाम

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा फोमची ब्रा म्हणजे शिक्षा. अस्तर लावलेली, पॅड नसलेली सुती ब्रा बरी. पण सूत घाम पितं आणि ओलं राहतं, म्हणून दिवसभर बाहेर असणाऱ्यांनी दुपारी बदलायला एक जवळ ठेवावी. छातीखालच्या घडीत ओल राहिली की कातडी लाल होते, खाजते, सोलवटते. टॉवेलच्या गावात राहून ती जागा ओली ठेवायचं कारण नाही: आंघोळीनंतर टिपून कोरडी करा आणि मगच ब्रा घाला. पावडरचे थर देऊ नका, घामात त्याचे गोळे होतात. लाली चार-आठ दिवसांत हटली नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या ट्यूबांमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, नायटा मात्र पसरतो. आणि माप घेताना, मांस आत घेताना हाताला गाठ लागली, तर ब्राचं नंतर बघू, आधी डॉक्टर.

धुताना गार पाणी, हाताने, ब्रश न लावता. कडक उन्हात इलॅस्टिकचा जीव जातो, म्हणून सावलीत, मधोमध दोरीवर टाकून वाळवा, स्ट्रॅपने टांगू नका. तीन असल्या म्हणजे आलटून पालटून वापरता येतात. आतल्या हुकावरही पट्टा सैल वाटायला लागला की तिचं काम संपलं. वजन पाच-सहा किलोने हललं किंवा बाळंतपण झालं, की माप पुन्हा घ्यायचं.

ब्लाउजचं काय?

बरोबर मापाची ब्रा छाती उचलते. त्यामुळे जुन्या ब्लाउजचे टक्स खाली पडतात आणि पुढून कापड चुरगळल्यासारखं दिसतं. ते बघून काही जणी नवी ब्रा कपाटात टाकून जुनीकडेच वळतात. त्यापेक्षा नवी ब्रा घालून शिंप्याकडे जा आणि टक्सचा पॉइंट नव्याने घ्यायला सांगा. बाजूला माया सोडलेली असेल तर साधे ब्लाउज उसवून दुरुस्त होतात. कटोरीचे मात्र सहसा नवेच शिवावे लागतात.