वस्तीतल्या कामापासून विधानसभेपर्यंत : नव्या कार्यकर्त्यांसाठी

समाजकार्य करताना राजकारणात उतरावे का, असे विचारणारे तरुण माझ्याकडे अधूनमधून येतात. बारा वर्षे उपनगरातील वस्त्यांत स्वयंसेवक म्हणून आणि त्यानंतर सहा वर्षे एका आमदारांच्या कार्यालयात प्रश्नांचे मसुदे लिहिण्याचे काम केल्यावर मी त्यांना एक गोष्ट आग्रहाने सांगतो. लोकांची अडचण कोणाच्या अधिकारात सुटते हे शोधायची सवय आधी लावून घ्या, कारण निवडणूक लढवावी की नाही या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्या शोधातूनच मिळते.

मला स्वतःला हे उशिरा कळले. आमच्या वस्तीतील सांडपाण्याच्या नाल्यासाठी आम्ही तीनशे सह्यांचे निवेदन एका कार्यालयात दिले, त्याची पोच घेतली नाही आणि आठ महिने तेथेच खेटे घातले. शेवटी समजले की ती जमीनच त्या कार्यालयाच्या अखत्यारीत नव्हती. दोन पावसाळे लोकांच्या घरात पाणी शिरले, याची खंत मला आजही आहे.

हा मार्ग कसा चालावा हे समजून घ्यायचे असेल, तर मृणाल गोरे यांचे काम बारकाईने पाहावे. त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले आणि राष्ट्र सेवा दल व समाजवादी चळवळीच्या कामात स्वतःला झोकून दिले. पती केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्यासह त्यांनी गोरेगावात काम उभे केले आणि १९५८ साली पतीचे निधन झाल्यावरही ते थांबू दिले नाही. स्त्रियांशी कुटुंबनियोजनाविषयी बोलत घरोघरी फिरणाऱ्या या कार्यकर्तीला तेथील पाण्याचे हाल कोणी अहवालातून सांगण्याची गरज नव्हती. पाणी हा महापालिकेचा विषय, म्हणून १९६१ साली त्या महापालिकेत निवडून गेल्या आणि सभागृहात व रस्त्यावर अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी हा प्रश्न लावून धरला. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिले ते याच लढ्यातून.

धान्य, तेल, रॉकेल यांची टंचाई आणि भाववाढ मात्र महापालिकेच्या हातात नव्हती. १९७२ साली त्या विधानसभेवर निवडून आल्या आणि त्याच काळात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर व इतर पक्षांतील स्त्रियांना सोबत घेऊन त्यांनी महागाईविरोधात लाटणे मोर्चे काढले. वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रिया एका मागणीसाठी एकत्र येऊ शकल्या, ही गोष्ट मला आजच्या कार्यकर्त्यांसाठी फार मोलाची वाटते. १९७७ साली त्या लोकसभेत गेल्या आणि १९८५ साली पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भलिंगनिदानाच्या विरोधात स्त्री संघटना आणि डॉक्टर झटत होते, तेव्हा त्यांनी १९८६ साली त्या विषयावर अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला कायद्याचा मसुदा, सभागृहात आणले. महाराष्ट्राने १९८८ साली या चाचण्यांवर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा केला आणि केंद्राचा कायदा १९९४ साली आला. नळाच्या प्रश्नापासून विधेयकापर्यंतचा हा पल्ला त्यांनी एकेक पायरी चढत गाठला, आणि प्रत्येक पायरीवर आधी लोक होते, पद नंतर आले.

नवख्यांना विधिमंडळाच्या आयुधांची माहिती फार कमी असते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना असते, तर खात्याच्या कारभारावरील नाराजी नोंदवण्यासाठी अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे खात्याने खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर, ती रक्कम कमी करावी अशी कपात सूचना देता येते. मी मसुदे लिहीत असताना ज्या प्रश्नांना ठोस उत्तरे मिळाली, त्यांच्यामागे जवळजवळ नेहमीच एखाद्या स्वयंसेवकाने जमवलेली तारीखवार कागदपत्रे होती. माहिती अधिकाराचा कायदा २००५ साली आल्यापासून अशी कागदपत्रे मिळवणे सामान्य माणसाच्याही आवाक्यात आले आहे.

अटी थोडक्यात सांगायच्या तर, विधानसभेच्या उमेदवाराचे वय किमान २५ वर्षे असावे लागते आणि त्याचे नाव राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत असावे लागते. ग्रामपंचायत किंवा महापालिकेसाठी २१ वर्षे पुरतात. माझ्या मते सुरुवात तेथूनच करावी, कारण अर्थसंकल्पातील तरतूद आणि प्रत्यक्ष कामाचा आदेश यांतील अंतर जितके तेथे समजते तितके दुसरीकडे समजत नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या भेटीत पक्षाविषयी काही विचारत नाही. वस्तीतील एका प्रश्नाची फाइल घेऊन या, असे सांगतो. तिच्यात निवेदनाची प्रत, आवक क्रमांक असलेली पोच, प्रत्येक भेटीची तारीख आणि जमीन कोणाच्या मालकीची आहे हे दाखवणारा कागद असावा. तो शेवटचा कागद आम्ही त्या नाल्याच्या वेळी काढलाच नव्हता.